परप्रांतीं बिऱ्हाड आणि कागदांचे नाके

व्यापारी वर्गास जकातीच्या नाक्याची आठवण अद्याप ताजी असेल. वेशीवर मालाच्या गाड्यांची रांग लागावी, पावती हातीं पडेपर्यंत हमाल, गाडीवान व धनी या तिघांचाही खोळंबा व्हावा, आणि करापेक्षां वेळेचीच किंमत जास्त पडावी, हा अनुभव ज्यांनीं घेतला ते १ जुलै २०१७ हा दिवस सहसा विसरणार नाहींत. त्या दिवशीं वस्तु व सेवा कर अमलांत आला, जकात, प्रवेशकर इत्यादि निरनिराळे कर त्यांत विलीन झाले, आणि मालाला एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाण्याची वाट पुष्कळच मोकळी झाली. परंतु आज आम्हांस वाचकांपुढें जो प्रश्न मांडावयाचा आहे तो मालाचा नसून माणसाचा आहे. पोत्यांत भरलेली साखर कोल्हापुराहून हुबळीस एका बिलावर जाते. परंतु ती साखर विकणारा मनुष्य बायकामुलांसह कोल्हापुराहून हुबळीस बिऱ्हाड हलवूं म्हणेल, तर त्याच्या वाटेंत एक नव्हे, आठदहा नाके उभे राहतात. हे नाके रस्त्यावर नसून कचेऱ्यांत आहेत, इतकाच काय तो फरक.

हा प्रश्न मूठभर लोकांचा आहे असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. २०११ च्या शिरगणतींत आपलें पूर्वीचें राहण्याचें ठिकाण सोडून अन्यत्र राहणाऱ्यांची संख्या ४५ कोटींहून अधिक भरली. त्यांतील बहुतेक आपल्याच राज्याच्या हद्दींत हललेले असले, तरी हद्द ओलांडणारेही कोट्यवधि आहेत. आमच्याच लोकांकडे पाहावें: बडोदें, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथें मराठी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं, मराठवाड्यांतील ऊंसतोडणी करणारा मजूर दरसाल कोयता घेऊन कर्नाटकांत उतरतो, आणि आमच्या पुण्यामुंबईचा बाजार तर परप्रांतीयांच्या हातांवाचून एक दिवसही चालावयाचा नाहीं. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें अशी म्हण आहे. आजच्या मनुष्यास त्या बिऱ्हाडाबरोबर आपलें दप्तरही पाठीवर वागवावें लागतें, आणि बिऱ्हाडापेक्षां दप्तर जड होतें.

आतां तत्त्व काय आहे तें पाहूं. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत असलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें प्रत्येक नागरिकास देशांत कोठेंही संचार करण्याचा, कोठेंही राहण्याचा व स्थायिक होण्याचा, आणि कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला आहे. ३०१ व्या अनुच्छेदानें सर्व भारतभर व्यापारउदीम मुक्त ठेवला आहे. अमेरिकेंत मनुष्य संघराज्याचा नागरिक असून शिवाय आपल्या राज्याचाही नागरिक असतो. आमच्या घटनाकारांनीं बुद्धिपुरस्सर एकच नागरिकत्व ठेवलें. सर्वोच्च न्यायालयानेंही १९८४ सालीं आणि पुन्हां २०२५ सालीं, वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासंबंधींच्या निकालांत, भारतीयाचा अधिवास एकच आणि तो भारताचा, असें स्पष्ट केलें आहे. तत्त्व इतकें निर्मळ असतां व्यवहार इतका गढूळ कां, हा आमचा प्रश्न आहे.

वर सांगितलेल्या व्यापाऱ्याचेंच उदाहरण घेऊं. त्याच्या करनोंदणीच्या १५ अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक २७ आहेत, ते महाराष्ट्राचे. पुढील दहा अक्षरें त्याच्या पॅनचीं आहेत, आणि तीं देशभर तींच राहतात. परंतु हुबळीस दुकान घालतांच २७ च्या जागीं कर्नाटकाचे २९ आले पाहिजेत, आणि ते पत्ता बदलून येत नाहींत. नवीन नोंदणीच करावी लागते. कायद्याच्या दृष्टीनें कोल्हापूरचा तो आणि हुबळीचा तो हे दोन निराळे इसम होत. जुन्या खात्यांत शिल्लक राहिलेली कराची वजावट नव्या राज्यांतील खात्यांत नेतां येत नाहीं. घाईनें जुनी नोंदणी आधीं रद्द केली, तर दुकानांतील शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत भरण्याचा प्रसंग येतो. ज्यास हें ठाऊक आहे तो आधीं हुबळीची नोंदणी काढतो, माल रीतसर करपावतीनें आपल्याच नव्या दुकानास पाठवितो, म्हणजे भरलेल्या कराची वजावट तेथें मिळते, आणि मग जुनी नोंदणी बंद करून तीन महिन्यांच्या आंत अखेरचें विवरणपत्र भरतो. ज्यास हें ठाऊक नाहीं तो नुकसान सोसतो. अज्ञानाचा असा दंड लहान दुकानदारासच होतो. मोठ्या पेढीच्या पदरीं जाणते लोक असतातच.

याशिवाय व्यवसायकराची नोंदणी निराळी, कारण महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आणि कर्नाटकाचा १९७६ चा. दुकानाची, म्हणजे व्यापारी ज्यास गुमास्ता म्हणतात ती, नोंद निराळी. आमच्याकडे २०१७ च्या कायद्यानें ठराविक संख्येपेक्षां कमी नोकर असलेल्या दुकानदारास नुसती सूचना दिली म्हणजे पुरतें, तर कर्नाटकांत १९६१ चा कायदा आहे. खाद्यपदार्थांचा धंदा असल्यास परवाना जागेस बांधलेला. जागा बदलली कीं तोही नवा.

दुकान झालें, आतां गाडी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें एका राज्यांतील नोंदणी साऱ्या देशांत चालते. परंतु गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर नवा क्रमांक घेतलाच पाहिजे. त्यासाठीं जुन्या कचेरीचा हरकत नसल्याचा दाखला हवा. त्या दाखल्यासाठीं गाडीच्या चोरीची फिर्याद नाहीं असा पोलिसांचा अहवाल हवा, कर चुकता हवा, आणि गाडी कर्जावर घेतलेली असल्यास धनकोची संमति हवी. कायदा करणारांस विलंबाची कल्पना होती असें दिसतें. कारण तीस दिवसांत नकार कळविला नाहीं तर दाखला दिला असें समजावें, असें त्याच कायद्याच्या ४८ व्या कलमांत लिहिलें आहे. परंतु न मिळालेला दाखला दुसऱ्या राज्यांतील कारकुनास दाखवावा कसा? पुढें कराची कथा. पहिल्या राज्यानें पुढील अनेक वर्षांचा कर एकरकमी घेतलेला असतो. नवें राज्य आपला कर आधीं मागतें. तो भरून नवी नोंद झाल्यावर तिचा पुरावा घेऊन जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या परताव्यासाठीं अर्ज करावयाचा. म्हणजे एकाच गाडीचे पैसे कांहीं काळ दोन सरकारांच्या तिजोरींत पडून राहतात, आणि मालक दोन गांवांमध्यें हेलपाटे घालीत राहतो.

या जाचावर उपाय सुचलाच नाहीं असें नाहीं. २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘भारत’ मालिकेचा क्रमांक निघाला आहे. तो असल्यास राज्य बदललें तरी क्रमांक बदलावा लागत नाहीं, आणि कर दोन दोन वर्षांच्या हप्त्यांनीं भरतां येतो. परंतु हा क्रमांक मिळतो कोणास? सैन्यांतील लोकांस, सरकारी व सरकारी कंपन्यांच्या नोकरांस, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांस. ज्याची बदली साहेबाच्या हुकुमानें होते त्याची सोय झाली. पोटाच्या हुकुमानें ज्याची बदली होते, त्या स्वतंत्र दुकानदारास, कारागिरास व भाड्याच्या टेंपोवाल्यास, ती सोय नाहीं. सोय करावयाची ती जो सर्वांत समर्थ त्याचीच आधीं, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी खोड आहे.

घरांतील मंडळींची कामें याहून कमी नाहींत. मतदारांच्या यादींत नांव एकाच ठिकाणीं असावें असा १९५० चा कायदा आहे; बिऱ्हाड हलविल्यावर नमुना ८ भरून नव्या ठिकाणीं नांव घालावें लागतें, आणि उमेदवारी अर्जांची अखेरची तारीख उलटल्यावर त्या निवडणुकीपुरतें दार बंद होतें. आधारचा क्रमांक तोच राहतो, परंतु पत्त्याचा पुरावा पाहिजे. मुलांच्या शाळेचें म्हणाल तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें पांचवें कलम प्रत्येक आईबापांनीं पाठ करावें असें आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दुसऱ्या राज्यांतील शाळेंतही बदलून जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकानें दाखला तत्काळ दिला पाहिजे. आणि दाखला येण्यास उशीर झाला एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश लांबवितां किंवा नाकारतां येत नाहीं. कायदा असा उदार असतांही ‘दाखला आणा, मग पाहूं’ हें वाक्य ऐकून मूल घरीं बसतें, याचें कारण आईबापांस कायदा ठाऊक नसतो आणि कारकुनास तो ठाऊक असण्याची गरज वाटत नाहीं.

एका बाबतींत मात्र सरकारचें अभिनंदन केलें पाहिजे. पूर्वी शिधापत्रिका ही गांवच्या दुकानास बांधलेली असे. मनुष्य गांव सोडी आणि त्याचें धान्य गांवींच राही. २०१९ च्या ऑगस्टांत महाराष्ट्र व गुजराथ, तसेंच आंध्र व तेलंगण, या जोड्यांत एकमेकांच्या पत्रिकांवर धान्य देण्यास आरंभ झाला, आणि २०२२ च्या जूनपर्यंत सर्व राज्यें या योजनेंत आलीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील हक्काचें धान्य आतां कोणत्याही राज्यांत मिळूं शकतें. मधल्या काळांत, २०२० च्या मार्चांतील टाळेबंदींत, हजारों मजूर रस्त्यानें चालत गांवीं गेले हें दृश्य देशानें पाहिलें. आणि १९७९ सालीं खास आंतरराज्य मजुरांसाठीं केलेला कायदा पुस्तकांत असून त्यांच्या फारसा उपयोगीं पडला नाहीं, हेंही पाहिलें. धान्याच्या बाबतींत जें साधलें त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते: राज्यें निरनिराळीं असूनही, मनांत आणल्यास, मनुष्याचा हक्क त्याच्याबरोबर चालतां करितां येतो. मग इतर बाबतींत तो चालत कां नाहीं?

सर्वांत कठीण प्रश्न जातीच्या दाखल्याचा आहे, आणि तो टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. घटनेच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांप्रमाणें अनुसूचित जातिजमातींच्या याद्या राज्यवार आहेत. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशावरून १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं असें ठरविलें कीं, एका राज्यांतील अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यांत गेला, तर तेथील राज्याच्या सवलती त्यास मागतां येत नाहींत. प्रत्येक प्रदेशांतील मागासलेपणाचें स्वरूप निराळें असतें, आणि बाहेरून आलेल्यास वाटा दिल्यास स्थानिक दलितांचा वाटा कमी होईल, हा त्यामागील विचार आहे. तो तुच्छ लेखण्यासारखा नाहीं. परंतु महार व मांग या जाती महाराष्ट्राच्या यादींत आहेत तशाच कर्नाटकाच्याही यादींत आहेत. दोन्ही राज्यांनीं ज्याचें दुःख मान्य केलें आहे, तो मनुष्य सीमा ओलांडतांच त्याचें दुःख नाहींसें होतें काय? भाड्यानें खोली मागतांना जात विचारणारा मनुष्य त्यास दोन्ही गांवीं भेटतो. जातीचा कमीपणा त्याच्याबरोबर गाडींत बसून येतो. संरक्षण तेवढें मागल्या स्टेशनावर राहतें. बापाच्या दाखल्यावरून मुलास नवें राज्य दाखला देतें खरें, परंतु त्याचा उपयोग मूळ राज्यापुरता व मध्यवर्ती सरकारच्या कामापुरता. जी जात दोन्ही राज्यांच्या यादींत आहे, तिच्या मनुष्यास ठराविक मुदतीच्या वास्तव्यानंतर नव्या राज्यांतही तो हक्क मिळावा, अशी तरतूद संसदेनें विचारांत घ्यावी. स्थानिकांचा वाटा राखण्यासाठीं तिला मर्यादा घालतां येईल. मर्यादा घालणें निराळें आणि दार लावून घेणें निराळें.

यावर आक्षेप येतील. पहिला असा कीं, राज्यांचे कर व कायदे निराळे आहेत, तेव्हां कागदही निराळे असणारच. हें आम्हांस मान्य आहे. कर निराळे असोत. परंतु तीच माहिती, तोच पत्ता, तेंच नांव प्रत्येक कचेरीनें नव्यानें कां मागावें? दुसरा आक्षेप लबाडीचा. दोन ठिकाणीं मत, दोन ठिकाणीं धान्य, चोरीची गाडी, हीं भयें खोटीं नाहींत. परंतु लबाडीस वाव मिळतो तो दोन कचेऱ्या एकमेकींशीं बोलत नाहींत म्हणून. नागरिकानें कागद वाहून नेण्यापेक्षां कचेरीनें कचेरीस विचारणें हाच लबाडीवर खरा उपाय होय. तिसरा आक्षेप भूमिपुत्रांचा. बाहेरच्यांचा रिघाव सोपा केला तर आमच्या मुलांच्या नोकऱ्या जातील, असें म्हणणारे प्रत्येक राज्यांत आहेत. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, कागदांच्या जाचानें मनुष्य यावयाचा थांबत नाहीं. तो येतोच, फक्त नोंदीवांचून येतो. नोंद नसलेला मजूर कमी मजुरीवर राबतो, आणि त्यामुळें ज्याची मजुरी खालीं येते तो स्थानिक मजूरच होय.

मुळाशीं दोष कोठें आहे तो आतां सांगतों. दफ्तरदिरंगाईवर कायदेच नाहींत असें नाहीं. कर्नाटकानें २०११ सालीं आणि महाराष्ट्रानें २०१५ सालीं सेवेच्या हक्काचे कायदे केले. त्यांत प्रत्येक कामास मुदत आहे, अपील आहे, आणि दिरंगाईबद्दल भुर्दंडही आहे. परंतु दोन्ही कायदे आपापल्या सीमेशीं येऊन थांबतात. कोल्हापूरची कचेरी आपल्या मुदतींत काम करील, हुबळीची आपल्या मुदतींत करील; परंतु एकीचा कागद दुसरीस पोंचून तो मान्य होईपर्यंतच्या मधल्या मुलखास धनी कोणीच नाहीं. बिऱ्हाड हलविणारा मनुष्य नेमका त्याच मुलखांत सांपडलेला असतो.

म्हणून आमच्या मागण्या येणेंप्रमाणें आहेत. पहिली, नागरिकानें नव्या गांवीं एकदांच, एकाच अर्जानें, ‘मीं राज्य बदललें’ असें कळवावें, आणि मतदारयादी, शिधापत्रिका, वाहन व परवाना या खात्यांनीं तेवढ्यावरून आपापली नोंद हलवावी. दुसरी, जुन्या राज्याच्या दाखल्याची मागणी नव्या कचेरीनें परस्पर करावी, आणि मुदतींत उत्तर न आल्यास दाखला मिळाला असें धरून पुढें चालावें. तिसरी, ‘भारत’ मालिकेचा क्रमांक मागेल त्यास मिळावा. चौथी, वाहनकराचा हिशेब दोन राज्यांनीं आपसांत करावा. तो मालकाच्या खिशांतून करूं नये. पांचवी, सीमेलगतच्या जिल्ह्यांतून तरी अर्ज व सूचना दोन्ही भाषांत असाव्या; कानडी न येणारा मराठी आणि मराठी न येणारा कानडी यांची अडचण सारखीच आहे.

परंतु सरकारास दोष देऊन आम्ही थांबलों तर तें अर्धसत्य होईल. या सर्व नाक्यांची किल्ली म्हणजे पत्त्याचा पुरावा, आणि ती बहुधा घरमालकाच्या हातांत असते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें भाड्यानें दिलेलीं असतील. त्यांतील किती जण परप्रांतीय भाडेकरूस नोंदलेला करार करून देतात? महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानें भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती मोडल्यास दंडाची व कैदेचीही शिक्षा सांगितली आहे. तरीही थोडासा खर्च व थोडासा कर वाचविण्यासाठीं कित्येक सभ्य गृहस्थ तोंडी व्यवहार करितात. त्या बचतीची किंमत भाडेकरूचें मूल शाळेंत, त्याची बायको गॅसच्या दुकानांत, आणि तो स्वतः प्रत्येक खिडकीपुढें मोजीत असतो. हुबळीस गेलेल्या आपल्या भावास तेथील घरमालकानें करार करून द्यावा असें ज्यास वाटतें, त्यानें आपल्या माडीवर राहणाऱ्या बिहारी सुतारास तो आधीं करून द्यावा.

जे स्वतः हलणार आहेत त्यांस दोन शब्द सांगतों. निघण्यापूर्वी मुलांचे शाळेचे दाखले, गाडीचा हरकत नसल्याचा दाखला, गॅस बदलीची पावती आणि जातीच्या दाखल्याची मूळ प्रत हातीं घ्यावी. गाडीवरील दंड व कर फेडून टाकावे. नव्या गांवीं पोंचतांच आधीं नोंदलेला भाडेकरार करावा. त्यावरून आधारचा पत्ता, आणि त्यानंतर मतदारयादी. दुकानाची जुनी नोंदणी नवी मिळेपर्यंत बंद करूं नये. प्रत्येक अर्जाची पोंच तारखेसह जपून ठेवावी. कारण कायद्यानें दिलेली मुदत त्या पोंचेपासूनच मोजली जाते.

आमच्या व्यापारी मंडळांनीं या कामीं पुढाकार घ्यावा असें आम्हांस वाटतें. मालाचे नाके उठावे म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें अर्ज केले, शिष्टमंडळें नेलीं, आणि अखेर ते नाके उठले. तीच चिकाटी माणसांच्या नाक्यांविषयीं दाखविली, आणि प्रत्येक मंडळानें परगांवाहून येणाऱ्या दुकानदारास व मजुरास अर्ज भरून देण्यासाठीं आठवड्यांतून एक दिवस एक जाणता मनुष्य बसविला, तर सरकार हलण्याची वाट न पाहतां पुष्कळांचा त्रास उद्यांपासूनच कमी होईल. घटनेनें देश एक केला आहे. तो कचेरीच्या खिडकीपाशींही एक आहे असा अनुभव साध्या मनुष्यास येणें अद्याप बाकी आहे, आणि तो आणून देणें हें सरकारचें जितकें तितकेंच आमचें व आमच्या वाचकांचें कर्तव्य आहे.